भाषाशिक्षकांना संगणक शिकवताना : सुलभक म्हणून आलेला अनुभव

जून २०२२ मध्ये शाळा सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला असताना मुख्याध्यापकांनी शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर एक पीडीएफ पाठवली. तालुक्यातील माध्यमिक शाळांच्या भाषाशिक्षकांना संगणक आणि डिजिटल माध्यमांचा अध्यापनात वापर कसा करावा याचे प्रशिक्षण द्यायचे असून त्यासाठी प्रत्येक तालुक्यातून मराठी, हिंदी आणि इंग्रजी या विषयांचे सुलभक, म्हणजे इतर शिक्षकांना प्रशिक्षण देणारे शिक्षक, निवडण्यात आले आहेत, असा त्या पत्राचा आशय होता आणि सोबतच्या यादीत मराठीपुढे माझे नाव होते. मला कोणी विचारले नव्हते. टाळेबंदीच्या काळात मी मुलांना कवितांची ध्वनिमुद्रणे पाठवत होते हे कोणीतरी वर कळवले होते, एवढेच चौकशीअंती समजले. मी सातारा जिल्ह्यातील एका डोंगरी तालुक्यात, अनुदानित शाळेत, आठवी ते दहावीला मराठी शिकवते. अशी यादी आपल्या नावासह हाती पडल्यावर नेमके काय करावे लागते, किती थांबावे लागते आणि खिशातून किती जाते, हे सांगणारे तेव्हा मला कोणी भेटले नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

संगणकाशी माझी ओळख होती, पण ती कामापुरती. एमएस-सीआयटी या संगणकाच्या प्राथमिक अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र २००७ चे. संगणक अर्हता नसेल तर वेतनवाढ रोखली जाईल, ही टांगती तलवार त्या वेळी आम्हा सर्वांवर होती आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तालुक्याच्या गावी एसटीने ये-जा करून आमच्या पिढीतील अनेकांनी तो अभ्यासक्रम पुरा केला. फाइल कशी जतन करावी, तक्ता कसा करावा, ईमेल कसा पाठवावा, हे त्यात नीट शिकवले गेले. मराठीत सलग एक परिच्छेद लिहून दाखवा, असे मात्र मला तेव्हा कोणी सांगितल्याचे आठवत नाही. प्रश्नपत्रिका हाताने लिहून डीटीपीवाल्याकडे द्यायची, त्याने टंकलेल्या प्रतीतील ऱ्हस्व-दीर्घ तांबड्या शाईने दुरुस्त करायचे आणि त्या दुरुस्त्या करताना झालेल्या नव्या चुका पुन्हा शोधायच्या, हा क्रम पुढेही वर्षानुवर्षे तसाच चालू राहिला.

जुलै महिना कागदपत्रांत गेला. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आपण सगळे जिला डाएट म्हणतो तिथे, सुलभकांचे प्रशिक्षण होणार होते. त्यासाठी मुख्याध्यापकांचे संमतिपत्र, शिक्षणसंस्थेचे ना हरकत पत्र, सेवापुस्तकाच्या पहिल्या पानाची प्रत आणि दीक्षा या शासकीय शैक्षणिक पोर्टलवरील ‘निष्ठा’ या शिक्षक-प्रशिक्षण अभ्यासक्रमांची प्रमाणपत्रे मागवण्यात आली होती. माध्यमिक शिक्षकांसाठीचे निष्ठा अभ्यासक्रम २०२१ मध्ये सुरू झाले होते आणि माझे त्यांतील काही अर्धवट राहिले होते. सगळे व्हिडिओ पाहून झाले तरी शेवटच्या चाचणीत किमान ७० टक्के गुण मिळाल्याशिवाय प्रमाणपत्र तयार होत नाही आणि ते दिसू लागण्यास आणखी काही दिवस जातात. त्यामुळे पत्रातील मुदतीच्या आदल्या रात्री बसून हे काम उरकता येत नाही. दुसरी काळजी नावाची घ्यावी. दीक्षाच्या प्रोफाइलमध्ये जसे नाव असेल तसेच प्रमाणपत्रावर छापले जाते. माझ्यासोबत निवडल्या गेलेल्या एका शिक्षिकेचे प्रोफाइलमध्ये माहेरचे आणि सेवापुस्तकात सासरचे आडनाव होते; दोन्ही व्यक्ती एकच आहेत, असे हमीपत्र तिला द्यावे लागले. अभ्यासक्रमास नाव नोंदवण्यापूर्वी हे तपासून घेतले तर पुढचा हेलपाटा वाचतो. ना हरकत पत्रावर संस्थेच्या सचिवांची सही लागते आणि सचिव गावी नसतात, हे बहुतेक अनुदानित शाळांतील शिक्षकांना सांगायला नकोच.

गणपती उठल्यावर, सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, डाएटमध्ये आठवडाभराचे निवासी प्रशिक्षण झाले. कार्यमुक्तीचा आदेश आदल्या संध्याकाळी हाती पडला. त्याच्या दोन प्रती काढून एक स्वतःजवळ ठेवावी, कारण पुढे प्रवास भत्त्याच्या देयकाला तीच जोडावी लागते. सोबत स्वतःचा लॅपटॉप, जोडतारांचा लांब बोर्ड आणि पांघरूण न्यावे. एका खोलीत सहा जणी आणि एक विजेचा सॉकेट, अशी आमची व्यवस्था होती.

पहिले दोन दिवस प्रक्षेपक कसा जोडावा, पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडवरून दीक्षावरचे साहित्य कसे उघडावे आणि पडद्यावर चाललेले काम व्हिडिओच्या रूपात कसे मुद्रित करावे, यांत गेले. शिकवणारे मनापासून शिकवत होते. मात्र उदाहरणे सगळी ज्वालामुखीची, हृदयाची आणि सूर्यमालेची. ती हलती चित्रे पडद्यावर पाहणे छानच असते. पण समास किंवा रसग्रहण हलत्या चित्रात कसे आणायचे, असा प्रश्न आम्हा भाषेच्या शिक्षकांना पडत राहिला. हिंदीचे एक सर हळूच म्हणाले, “मॅडम, आपल्याला बहुतेक चुकीच्या वर्गात बसवलंय.”

तिसऱ्या दिवशी दुपारी एका अधिव्याख्यात्या बाईंनी वेगळेच काम दिले. उद्या शिकवायच्या पाठाचे दहा ओळींचे टिपण प्रत्येकाने संगणकावर मराठीत किंवा हिंदीत लिहून त्यांना ईमेलने पाठवायचे होते. या साध्या कामाने सभागृहात गोंधळ उडाला. टंकलेखनाची परीक्षा दिलेले एक सर जुन्या टंकयंत्राप्रमाणे वेलांटी आधी दाबत होते आणि ती भलत्याच अक्षराला चिकटत होती. काही जण रोमन अक्षरांत लिहून यंत्र देईल ते देवनागरी स्वीकारत होते. बऱ्याच जणांनी मोबाइलवर बोलून मजकूर तयार केला, तो स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवला आणि तिथून लॅपटॉपवर उतरवून घेतला. एकांनी शाळेतल्या जुन्या फॉन्टमध्ये सुरेख टिपण केले होते, पण बाईंच्या संगणकावर ते उघडले तेव्हा तिथे कंस, टक्क्याची चिन्हे आणि इंग्रजी अक्षरे यांची रांग उमटली. वीस-वीस वर्षे व्याकरण शिकवणारी आम्ही माणसे यंत्रापुढे स्वतःच्या भाषेत दहा ओळी नीट लिहू शकत नव्हतो आणि तरीही दोन दिवस व्हिडिओ संपादन शिकत होतो. त्या दुपारनंतर माझ्या डोक्यातील पुढच्या प्रशिक्षणाचा आराखडा पार बदलला.

बाईंनी मग जे समजावले ते मी जसेच्या तसे तालुक्यात वापरले. जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या संकेतांकांवरच देवनागरीची चित्रे बसवलेली असत. तो फॉन्ट दुसऱ्या संगणकावर नसेल तर चित्र जाते आणि खालचे इंग्रजी चिन्ह उघडे पडते. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी चिन्हाला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे फॉन्ट बदलला तरी मजकूर तोच राहतो. इन्स्क्रिप्ट हा कळफलक गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात भारतीय लिप्यांसाठी तयार झाला आणि त्याची मांडणी वर्णमाला शिकवणाऱ्याला चटकन पटावी अशी आहे : स्वर आणि त्यांच्या खुणा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला आणि क ज्या कळीवर आहे तीच शिफ्टसह दाबली की ख, ग च्या कळीवर घ, त च्या कळीवर थ. अल्पप्राण आणि महाप्राण यांची ही जोडी पाहून सभागृहातील मराठीचे शिक्षक पहिल्यांदा ताठ बसले. वेलांटी उच्चाराच्या क्रमाने, म्हणजे व्यंजनानंतर, द्यायची. जोडाक्षरासाठी मध्ये हलन्त. आणि शिफ्टसह र दाबून ऱ मिळाला की ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन्ही शब्द बिनचूक लिहिता येतात. आमच्या डीटीपीवाल्याला हा भेद कधीच जमला नव्हता.

ऑक्टोबर आणि दिवाळीची सुट्टी मी सरावात घालवली. देवनागरी अक्षरांच्या चिकटपट्ट्या ऐंशी रुपयांना मिळाल्या, पण त्या न लावता कळफलकाचे छापील चित्र पडद्याशेजारी ठेवलेले अधिक उपयोगी ठरले, कारण चिकटपट्टी असली की नजर बोटांवरून हटत नाही. पहिले काही दिवस फार वैतागाचे असतात. हाताने पाच मिनिटांत लिहून होणाऱ्या मजकुराला अर्धा तास लागतो, खांदे दुखतात आणि घरातील मुले हसतात. अशा वेळी पुन्हा मोबाइलवर बोलून काम भागवण्याचा मोह आवरावा आणि एखादी पाठ असलेली कविता रोज टंकावी, म्हणजे शब्द आठवण्याचा ताण राहत नाही. दिवाळीनंतर माझी बोटे आपोआप वळू लागली. सहामाहीच्या निकालपत्रकांवरील शेरे मी त्या वर्षी पहिल्यांदा स्वतः टंकले.

तालुक्याचे प्रशिक्षण नोव्हेंबरमध्ये होणार होते, ते पुढे ढकलले गेले. निधीची मान्यता आली नव्हती. ती आली तेव्हा डिसेंबरमधील सहली आणि स्नेहसंमेलने सुरू झाली होती आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षा असल्याने मुख्याध्यापक शिक्षकांना सोडण्यास नाखूश होते. अखेर जानेवारी २०२३ चा पहिला आठवडा ठरला. या थांबण्याच्या काळाचा एक फायदा झाला : प्रशिक्षणासाठी दिलेल्या शाळेची संगणक प्रयोगशाळा मला आधी पाहून येता आली. शासकीय योजनेतून मिळालेले संगणक, करार संपल्यावर निघून गेलेले संगणक शिकवणारे निदेशक आणि त्यानंतर कुलूपबंद खोली, हे चित्र अनेक शाळांत दिसते. निम्मी यंत्रे सुरू झाली. त्यांवर विंडोज ७ होते, म्हणून मराठीकडे वळण्यासाठी ऑल्ट आणि शिफ्ट. शिक्षकांच्या नव्या लॅपटॉपवर विंडोजची कळ आणि स्पेसबार. दोन्ही रीती मी फळ्यावर कायमच्या लिहून ठेवल्या. माउस, दोन जोडबोर्ड आणि इंटरनेटसाठी जास्तीचा डेटा, असा चौदाशे रुपयांचा खर्च मी केला. पावत्या जपून ठेवल्या होत्या, पण ‘साहित्य’ या शीर्षाखाली तरतूद नसल्याने ते पैसे मिळाले नाहीत. आधी विचारून घेतलेले बरे.

आम्ही तिघा सुलभकांनी बसून डाएटकडून आलेले वेळापत्रक बरेच कापले. तीन दिवसांत नऊ साधने शिकवायची होती. आम्ही तीनच ठेवली आणि प्रत्येकाने आपली गेल्या परीक्षेची प्रश्नपत्रिका पेनड्राइव्हवर किंवा कागदावर घेऊन यावी, असा निरोप धाडला. हा निर्णय वरिष्ठांना सांगताना थोडी धाकधूक होती, पण विस्तार अधिकाऱ्यांनी “उपस्थिती आणि अहवाल वेळेवर द्या, म्हणजे झालं,” एवढेच सांगितले.

पहिल्या दिवशी सकाळी सर्वांत पुढे बसलेले ज्येष्ठ सर मला म्हणाले, “मॅडम, माझी दीड वर्षं राहिलीत. आता हे कशाला?” मी त्यांना त्यांचीच प्रश्नपत्रिका उघडायला सांगितली. ती जुन्या फॉन्टमधील निघाली आणि पडद्यावर तीच कंस-टक्क्यांची रांग आली. ऑनलाइन परिवर्तकात घालून ती युनिकोडमध्ये आणली, तेव्हा मजकूर तर वाचता आला, पण रफार भलत्या अक्षरांवर गेले होते आणि काही जोडाक्षरे फुटली होती. मग सरांनी पुढचे दोन तास मान वर केली नाही. आपल्याच प्रश्नपत्रिकेतील चुका दुरुस्त करता करता ते इन्स्क्रिप्टच्या निम्म्या कळा शिकले. परिवर्तकावर विसंबून फाइल तशीच छपाईला देऊ नये. रफार, वेलांटी आणि जोडाक्षरे एकदा डोळ्यांखालून घालावीत. वर्डमध्ये देवनागरीचा फॉन्ट आणि आकार इंग्रजीपेक्षा वेगळ्या रकान्यात ठरवावा लागतो, हेही त्या दिवशी सांगितले. ‘आकार बदलला तरी अक्षर बदलत नाही’ ही तक्रार तिथूनच येते.

दुसरा दिवस आवाजाचा होता आणि माझ्या मते भाषेच्या शिक्षकाला डिजिटल माध्यमांचा खरा उपयोग इथे आहे. गूगल डॉक्समध्ये मराठीत बोलून लिहिण्याची सोय आहे. ती आम्ही वेळ वाचवण्यासाठी वापरली नाही. एका शिक्षकाने पाठातील संवादाचा उतारा वाचला, यंत्राने तो विरामचिन्हांशिवाय, सलग उमटवला आणि उरलेल्यांनी त्यात स्वल्पविराम, अवतरणचिन्हे आणि परिच्छेद घातले. एकाच मजकुराची चार वेगवेगळी वाचने निघाली आणि त्यावर जो वाद रंगला तसा वाद विरामचिन्हांच्या तासाला वर्गात मी कधी ऐकला नव्हता. दुपारी मोबाइलवर कवितावाचनाची मुद्रणे केली. ‘चमचा’मधील च आणि ‘चंद्र’मधील च लिपीत सारखेच दिसतात, मुलांना तो भेद कानांनीच द्यावा लागतो आणि दोन मिनिटांचे ध्वनिमुद्रण ते काम घरीही करते. इंग्रजीच्या शिक्षकांना लिपीची अडचण नव्हती, पण या सत्रात तेच सर्वांत जास्त रमले, कारण त्यांच्या मुलांच्या कानांवर शाळेबाहेर इंग्रजी फारसे पडतच नाही. मुद्रण करताना पंखा बंद करावा, मोबाइल तोंडापासून वीतभर दूर आणि थोडा तिरका धरावा आणि व्हिडिओपेक्षा निव्वळ आवाजाची फाइल पाठवावी. आमच्या भागातील पुष्कळ घरांत एकच मोबाइल असतो, तो दिवसा वडिलांसोबत शेतावर किंवा कामावर जातो आणि डेटा संध्याकाळपर्यंत संपलेला असतो.

तिसरा दिवस गूगल फॉर्मचा. लघुत्तरी प्रश्नांची यांत्रिक तपासणी मराठीत जपून वापरावी, हे आम्हाला प्रत्यक्षच दिसले. उत्तर ‘दऱ्या’ असे होते. दोन शिक्षिकांनी ते अचूक लिहिले तरी एकीचे चूक ठरले, कारण ऱ्य हे अक्षर युनिकोडमध्ये दोन मार्गांनी तयार होते आणि डोळ्यांना एकच दिसणारे ते अक्षर यंत्राच्या लेखी वेगळे असते. शेवटी राहिलेली एक रिकामी जागाही उत्तर चुकवू शकते. म्हणून फॉर्म बहुपर्यायी प्रश्नांपुरता ठेवावा आणि निबंध, रसग्रहण, सारांश यांसाठी उत्तरे फक्त गोळा करण्यास वापरावा. गुण आपणच द्यावेत. प्रताधिकाराबद्दलही बरेच प्रश्न आले. कवीच्या निधनानंतर ६० वर्षे उलटेपर्यंत प्रताधिकार टिकतो. १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमाच्या ५२ व्या कलमात वर्गातील अध्यापनासाठी सवलत आहे. मात्र तीच कविता स्वतःच्या यूट्यूब वाहिनीवर टाकणे हे वर्गातील अध्यापन आहे असे गृहीत धरू नये, एवढे आम्ही सांगितले. शेवटच्या तासाला शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावरील मोल्सवर्थचा १८५७ चा कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश उघडून दाखवला. जेवणाची सुट्टी झाली तरी लोक आपापल्या गावाकडचे शब्द शोधत बसले आणि आमटी निवली.

प्रशिक्षण संपल्यावरचे काम अधिक कंटाळवाणे असते. उपस्थितीपत्रक, छायाचित्रे, अभिप्राय आणि अहवाल एका आठवड्यात द्यायचा असतो. रोज संध्याकाळी त्या त्या दिवसाचे लिहून ठेवले तर तो एका बैठकीत होतो. उपस्थितीपत्रकात शाळेचा यू-डायस क्रमांक, म्हणजे शासकीय नोंदीतील शाळेचा ओळख क्रमांक, पहिल्याच दिवशी भरून घ्यावा, नाहीतर प्रमाणपत्रांसाठी प्रत्येक शाळेला फोन करावे लागतात. प्रमाणपत्रे मार्चमध्ये आली. डाएटच्या सप्टेंबरमधील प्रवास भत्त्याचे देयक मूळ तिकिटे जोडून दिले होते. ते आर्थिक वर्ष संपता संपता, एकतीस मार्चच्या दोन दिवस आधी खात्यावर जमा झाले. एसटीच्या तिकिटांवरील शाई काही महिन्यांत पुसट होते, म्हणून मूळ तिकिटांसोबत त्यांच्या छायाप्रती लगेच काढून ठेवाव्यात.

दुसरी तुकडी जून २०२३ मध्ये, शाळा उघडण्याच्या आधी झाली आणि ती पुष्कळ सोपी गेली, कारण पहिल्या तुकडीतील तिघे जण मदतनीस म्हणून आले. त्यांत निवृत्तीला आलेले ते सरही होते. पहिल्या तुकडीतील सगळेच इन्स्क्रिप्टवर टिकले, असे नाही. काही जण पुन्हा मोबाइलवर बोलून लिहू लागले आहेत आणि दोन शाळांत प्रयोगशाळेला परत कुलूप लागले आहे. मात्र तालुक्यातील मराठीच्या सहामाही आणि वार्षिक प्रश्नपत्रिका आता आम्ही युनिकोडमध्ये करतो आणि एका सामायिक फोल्डरमध्ये ठेवतो, त्यामुळे एकाने केलेला उतारा आणि त्यावरील प्रश्न दुसऱ्याला शोधता येतात. ज्यांच्याकडे जुन्या फॉन्टमधील संग्रह आहे त्यांनी तो पीडीएफ करून ठेवण्याऐवजी आधी युनिकोडमध्ये आणावा. जुन्या फॉन्टच्या पीडीएफमधून मराठी मजकूर उचलला की तो विस्कटलेलाच हाती येतो. कोणाला आमचे तीन दिवसांचे वेळापत्रक किंवा कळफलकाचा छापील तक्ता हवा असेल तर कळवावे, मी पाठवीन. तक्ता ए-४ कागदावर, एका बाजूला आहे. झेरॉक्सला दोन रुपये लागतात आणि तो लॅमिनेट करून घेतल्यास वर्षभर टिकतो.